झाकल्या कामाचं मोल

(राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



घर बांधायला काढलं की आपल्याकडे मिस्त्रीला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘फुटाला काय घेता?’ तो आकडा सांगतो. तो आकडा घेऊन आपण दुसऱ्याकडे जातो, दुसरा थोडा खाली येतो, तिसरा त्याहून खाली. जो सगळ्यात खाली उतरला त्याच्या हातावर विसार ठेवायचा आणि घरी येऊन सांगायचं, व्यवहार बरा जमला. बैल घेताना आपण असं करतो का? दात बघतो, खूर बघतो, दोन पावलं चालवून बघतो, जमलं तर औताला जुंपूनही बघतो. जन्मात एकदा बांधायच्या घराला मात्र फुटाचा दर पुरतो.

ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण इथं जमतो, त्यांच्या व्याख्यानमालेत संतांवर बोलणारे आले, इतिहासावर बोलणारे आले. मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो. माझ्याकडे ना संत ना इतिहास. संयोजकांनी फोनवर विषय विचारला, मी म्हणालो ‘मिस्त्री’. पलीकडून विचारणा झाली, ‘कोणते मिस्त्री सर?’ त्यांना वाटलं, कुणा थोर माणसाचं आडनाव असेल.

मला जे सांगायचं आहे ते घराच्या पायापासून सांगतो. हाताला कसब असलेल्या माणसाला आपण पैसे देतो ते बहुतेक अशा कामाचे, जे काम पूर्ण झाल्यावर कुणालाच दिसत नाही. पाया बुजतो. सळई काँक्रीटच्या पोटात जाते. वायर प्लॅस्टरखाली, अर्थिंगची पट्टी जमिनीत, शोषखड्डा मातीखाली. वर उरतं ते काय? फरशी, रंग आणि पीओपीचं छत. त्यात आपण सगळेच पारखी. वास्तुशांतीला आलेला पाहुणा फरशीवरून पाय घासून बघतो आणि ‘झकास’ म्हणतो. पाया किती खोल गेला हे विचारणारा पाहुणा मी अजून पाहिला नाही.

आपल्या तालुक्याची माती दोन तऱ्हेची. गोदाकाठाला भारी काळी, आणि इकडे बालाघाटाच्या अंगाला हलकी, मुरमाड. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आवळून घेते. चैत्र-वैशाखात तिच्या भेगांत हात जातो. कापसाला आणि तुरीला ती माय आहे, भिंतीला मात्र वैरी. तिच्यावर टेकवलेला पाया पावसाळ्यात वर उचलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. एका कोपऱ्याला न्हाणीचं पाणी मुरतं, तिथली माती ओली. दुसऱ्या कोपऱ्याला वळचणीत कोरडीठाक. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. आपण ती लांबी भरून बुजवतो, रंग देतो. पुढच्या वर्षी ती त्याच वाटेनं परत येते.

चांगला गवंडी इथं काय करतो? तो मुरूम लागेपर्यंत खणतो. तीन फुटांवर लागला तर तीन, सातावर लागला तर सात. मुरूम फारच खाली असेल तर अभियंत्याला विचारा म्हणून सांगतो, कारण अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं कधीच बसवून दिलेत. हे तो सांगतो तेव्हा घरमालकाला वाटतं, हा खर्च वाढवतोय. मग दुसरा येतो आणि म्हणतो, ‘दादा, कशाला एवढं? तीन फूट बस झालं, खाली चांगली बेड घालू.’ आपल्याला तो दुसरा आवडतो. पहिल्यानं मागितलेले जादा पैसे त्या चार फूट मातीचे होते, आणि त्याहून जास्त, ‘इथं थांबायचं नाही’ हे कळण्याचे होते.

आता स्लॅबच्या दिवसाकडे या. स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्य. नारळ फुटतो, मजुरांना जेवण असतं, गल्लीतली पोरं गच्चीवर. मिक्सर घरघरतोय. घमेली एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि घमेली वाहणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बाया. माल घट्ट असला की घमेलं जड होतं, पसरायला वेळ लागतो, सळयांच्या खाली जात नाही. म्हणून मिक्सरवरचा माणूस पाण्याचा पाइप सोडतो. माल पातळ होतो, सरसर पसरतो, सगळे खूश. ज्या मिस्त्रीला काम कळतं तो नेमका इथं ओरडतो. एम-२० म्हणतात त्या काँक्रीटला, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या मालाला, भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बादलीचं माप ठेवलं तर हे साधतं, पाइप सोडला तर नाही. शिकागोच्या डफ अब्रॅम्स नावाच्या संशोधकानं १९१८ साली ढिगानं नमुने फोडून दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद सिमेंटला पाणी किती, यावर ठरते. पाणी वाढलं की ताकद उतरते. जादाचं पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या वाटेनं पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, फुगते, आणि दहा-बारा वर्षांनी छताचा पोपडा ताटात पडतो.

सळईच्या खाली ठेवायचे ते इंचभराचे सिमेंटचे ठोकळे आठवा. सळई फळीला टेकू नये, चारी बाजूंनी काँक्रीटनं झाकली जावी म्हणून ते असतात. ठोकळे नाहीत म्हणून खडीचे खडे सरकवणारे मिस्त्री मी पाहिलेत आणि सेंट्रिंगवर उकिडवं बसून एकेक ठोकळा पुन्हा जागेवर लावणारेही पाहिलेत. दोघांची हजेरी तीच. खांबाच्या रिंगचं आणखी बारीक आहे. रिंगची दोन्ही टोकं नुसती काटकोनात दुमडली तर भूकंपाच्या हिसक्याला ती उघडतात. ती आत, खांबाच्या पोटाकडे, १३५ अंशात वळवायची असतात. तेवढं वळवायला प्रत्येक रिंगमागे हाताला एक झटका जास्त लागतो. घरभर रिंगा किती लागतात ते मोजा, म्हणजे त्या झटक्यांची मजुरी कळेल.

आणि मग पाणी मारणं. हे आपल्या मराठवाड्याचं दुखणं. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं; कमीत कमी ७ दिवस आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हात १० दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. त्यासाठी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी धरतात. पण आपण बांधकाम काढतो कधी? सुगी झाली, हातात पैसा आला, की फाल्गुन-चैत्रात. तेव्हा हांडाभर पाण्याला गाव वणवण करतं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो काळ कुणी विसरलेलं नाही. जाणता मिस्त्री आधीच विचारतो, ‘पाण्याची सोय काय? नसेल तर स्लॅब पुढं ढकला.’ याला आपण म्हणतो, मिस्त्री टाळाटाळ करतोय.

हे सगळं एवढ्या खोलात का सांगतोय, तर लातूर जिल्ह्याची हद्द इथून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारला चार-पाच मिनिटं असताना किल्लारी परिसर हादरला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली. हादरे आपल्या जिल्ह्यातही जाणवले. इथं बसलेल्या कित्येकांनी पुढच्या रात्री अंगणात काढल्या असतील.

त्यानंतर आपण सगळ्यांनी एक निष्कर्ष काढला, की दगडाचं घर मारतं. माझ्या मते तो निष्कर्ष अर्धवट होता. आपल्याच जिल्ह्यात चारठाण्याची देवळं बघा. वालूरची चक्राकार बारव बघा. १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेलं औंढ्याचं नागनाथ मंदिर बघा. सगळी दगडाचीच कामं. माणसं मारली ती बांधणीनं. किल्लारीकडच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, पण आत पोकळ म्हणाव्या अशा. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधे मातीत कोंबलेले गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. वर माळवद, आणि त्याच्यावर दर पावसाळ्याआधी टाकलेली माती. वडिलांनी टाकली, मुलानं टाकली, खालची कुणी काढली नाही. हादरा बसला तसे दोन थर फाकले आणि छताचं ओझं खाली आलं. याउलट जिथं सुतारानं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पक्का जोडला होता, तिथं भिंती बाहेर कोसळूनही माळवद तोललं गेल्याची उदाहरणं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. म्हणजे त्या घरांत माणसं वाचली ती कधीकाळी कुण्या सुतारानं सांध्याला नीट बसवलेल्या खुंटीमुळं. त्या सुताराला त्या दिवशी काय मिळालं असेल? चार पायली ज्वारी.

पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं पुनर्वसन कार्यक्रम घेतला. नवी गावं वसवली, त्याचे फोटो छापून आले. पण मला त्यातला दुसरा, कमी गाजलेला भाग मोलाचा वाटतो. ज्यांची घरं पूर्ण पडली नव्हती अशा लाखो लोकांनी आपापली घरं स्वतः उभं राहून दुरुस्त आणि मजबूत करायची, पैसे हप्त्याहप्त्यानं थेट घरमालकाला, असा तो कार्यक्रम होता. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार बांधदगड बसवायचे, कोपरे बांधायचे, दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, माळवदावरची माती उतरवायची, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू द्यायचे. गावोगावच्या गवंड्यांना हे शिकवलं गेलं. प्रश्न असा आला, की गवंड्यानं हे केलं की नाही, बघणार कोण? अभियंता किती दारांत पोचणार?

तिथं बाया पुढं आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. हजाराहून जास्त गावांत हे काम चाललं. जिनं जन्मात कधी ओळंबा हातात धरला नव्हता ती बाई दारात उभी राहून विचारू लागली, ‘मिस्त्री, बांधदगड कुठंय? पट्ट्यातली सळई दाखवा.’ घरमालकीण पारखी झाली, तसा गवंडीही बदलला. आणि हे लक्षात घ्या, की याचा सगळ्यात मोठा फायदा चांगल्या गवंड्यालाच झाला. समोरच्याला काहीच कळत नसेल तर चांगला कारागीर आणि भोंदू कारागीर एकाच भावानं विकला जातो. पारखी गिऱ्हाईक आलं की त्यांचे भाव वेगळे होतात.

दुर्दैवानं तो कार्यक्रम संपला तशी ती पारखही विरली. दगडाची धास्ती मात्र टिकली. गावोगावच्या दगडी कामाच्या गवंड्यांनी हातोडा-छिन्नी ठेवली आणि काँक्रीटकडे वळले. वर्गात बसून नव्हे, दुसऱ्याचं बघून. काहींना ते उत्तम साधलं. काहींना रिंग म्हणजे सळया बांधायची दोरी वाटते, अजूनही.

इथं कुणी म्हणेल, जुनी पद्धतच बरी होती, बलुत्याची. त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. कारागिरांची ती सगळी व्यवस्था, थोरल्या, मधल्या, धाकट्या ओळींसकट, त्यात मांडलेली आहे. सुतार-लोहार थोरल्या ओळीतले. खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला. तिफण मोडली तर ती करणारा सुतार त्याच गावात, त्याच वेशीच्या आत. पळून जायला जागा नाही. त्यामुळं काम जबाबदारीचं होतं, हे मान्य. पण त्याला दर मागायची सोय नव्हती, दुसऱ्या गावी जायची नव्हती, त्याच्या पोराला दुसरं काही व्हायची तर नव्हतीच नव्हती. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडलं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली रोखठोक मांडलं आहे. आपण हाताच्या कामाला कमी लेखतो त्याचं मूळ तिथं आहे. ज्योतीराव फुले दगड-चुन्याचा पुरवठा करणारे, बांधकामाचे ठेकेदार होते. १८६३ पासून धातूच्या ओतकामाचं साहित्य विकण्याचा त्यांचा व्यवसाय होता. जयंतीच्या भाषणांत त्यांचा हा धंदा कितीदा येतो? महात्मा म्हटला की त्याच्या हाताला चुना लागलेला आपल्याला चालत नाही.

तेव्हा बलुतं परत नको. पण त्यात जी जबाबदारी होती ती आपण घालवली आणि तिच्या जागी काहीच आणलं नाही, याचा विचार करू. आजचा ठेकेदार परगावचा, त्याचा मिस्त्री तिसऱ्या गावचा, मजूर चौथ्या. छत गळायला लागतं तेव्हा फोन लागत नाही.

बरं, दोष एका बाजूचा नाही. मिस्त्री मंडळी इथं बसली आहेत, त्यांना राग येणार असेल तर येऊ द्या. एकाच वेळी तीन घरांचा विसार घ्यायचा आणि तिन्हीकडे अर्धा-अर्धा दिवस तोंड दाखवायचं, हा कुठला न्याय? मालकानं आणलेली सळई हलकी आहे हे कळूनही ‘आपल्याला काय’ म्हणून बांधायची? दोन खड्ड्यांचा शौचालयाचा नमुना किती ठिकाणी बिघडवला ते बघा. सरकारनं १२ हजार दिले, कागदावर दोन खड्डे, मधे वाय आकाराचा चेंबर. एक खड्डा भरला की चेंबरमधून दुसऱ्याकडे वळवायचं, पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. त्यासाठी खड्ड्याची वीट जाळीदार रचायची आणि तळ मोकळा ठेवायचा. आपल्या मिस्त्रींनी ‘मजबूत’ करायचं म्हणून आतून गिलावा केला, तळाला काँक्रीट टाकलं. पाणी मुरेना. खड्डा सहा महिन्यांत भरला, आणि शौचालयाच्या खोलीत आता गोवऱ्या आहेत. त्यात लबाडी नव्हती. उलट जास्त सिमेंट घातलं होतं. फक्त काम कशासाठी आहे ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मालकाच्या लुडबुडीचंही ऐका. नरहरी सोनारांची कथा सगळ्यांना पाठ आहे. सावकारानं विठ्ठलाला सोन्याचा करदोडा नवसला, नरहरी देवळात जाईनात, म्हणून सावकारानंच माप आणून दिलं. करदोडा एकदा तोकडा, एकदा लांब. कीर्तनकार त्यातून हरि-हर एक असल्याचं सांगतात, ते खरंच आहे. मला मात्र दर वेळी वाटतं, माप गिऱ्हाइकानं आणलं की असंच व्हायचं.

घर बाजूला ठेवून शेतात जाऊ, म्हणजे मोटारीकडे. हरभरा फुलोऱ्यात, लाइट रात्रीची, त्यात एक फेज गेलेला. आपण काय करतो? कंडेन्सर लावतो आणि दोन फेजवर मोटार ओढतो. पहाटे वास येतो. मग ती मोटार गाडीवर आडवी टाकून तालुक्याला, ‘भरून द्या, संध्याकाळपर्यंत पाहिजे.’

भरणारा दोन जातीचा असतो, ही जात हाताची. पहिला जळकी मोटार शेगडीत टाकतो, तार जळून सुटी होते, लवकर निघते. पण त्या आगीत आतल्या लोखंडी पत्र्यांवरचा पातळ थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, आणि ती मोटार पुढं कायम तापते. दुसरा तार एका बाजूनं छिन्नीनं कापतो आणि ओढून काढतो. त्याआधी खाचेतले वेढे मोजतो, तारेचं गेज मापतो, कुठली कॉइल कुठं जोडली ते कागदावर काढून घेतो. खाचेत नवा कागद घालतो, फर्म्यावर कॉइल करतो, तेवढेच वेढे, तेच गेज, मग वार्निश, मग वाळवणं. पाणबुडी असेल तर तारच निराळी, प्लॅस्टिकचं आवरण असलेली, कारण ती पाण्यात बुडून चालते. संध्याकाळपर्यंत हे होत नाही. तांबं किलोनं येतं; गेज एक नंबर बारीक घेतलं, वेढे थोडे कमी घातले, तर दुकानदाराचे पैसे वाचतात आणि बाहेरून मोटारीला रंग तोच. तुम्ही दोन गोष्टी मागू शकता. तांबं किती बसलं ते, आणि मोटार तुमच्यासमोर चालवून तिन्ही फेजला अँपिअर सारखे येतात का ते, टाँग टेस्टर लावून. जो हे विचारायच्या आधी दाखवतो, त्याला शंभर-दोनशे जास्त द्या आणि त्याचा नंबर जपून ठेवा. आता सौर पंप शेतोशेती आलेत. त्यांच्या पाट्या पुसायला सगळे आहेत, कंट्रोलर उघडून बघणारा तालुक्यात कोण, हे पाच वर्षांची हमी संपली की कळेल.

या मोटारवाल्याला, वायरमनला, प्लंबरला प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत जागा नाही, हेही सांगून ठेवतो. योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्या दिवशी आपण मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन करत होतो. गवंडी, सुतार, लोहार, कुंभार, शिंपी अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. योजना घेण्यासारखी आहे, जरूर घ्या. पण व्यवसायांची यादी वाचताना मला जुन्या ओळी आठवतात. कसब वारशानं येतं ही समजूत त्यातून पुरती गेलेली नाही. माझ्या वर्गात उत्तम वीजतंत्री झालेली मुलं कुणाच्याही वारशानं आलेली नव्हती.

आयटीआयची योजना देशात १९५० ला सुरू झाली. महाराष्ट्रात आज चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. वीजतंत्री, जोडारी, संधाता यांना मुलं मिळतात. गवंडीकामाला मुलं शोधत हिंडावं लागतं. बाप म्हणतो, ‘गवंडी व्हायला शाळा कशाला?’ आणि तोच बाप मला विचारतो, ‘सर, चांगला मिस्त्री सांगा ना कुणी.’ घरकुलाच्या योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, प्रत्यक्ष घर बांधता बांधता. ते घेतलेला गवंडी आणि न घेतलेला गवंडी यांच्या हजेरीत आपण काही फरक करतो का? करत नसू, तर पुढच्यानं ते का घ्यावं?

जर्मनीचं उदाहरण देतो. तिथं ठरावीक धंद्यांत स्वतःचं दुकान काढायचं तर उमेदवारी आणि मग ‘मास्टर’ची परीक्षा लागते. २००४ साली त्यांनी ही अट ९४ धंद्यांपैकी ५३ धंद्यांची काढून टाकली. बाजार मोकळा व्हावा, स्पर्धा वाढावी म्हणून. त्यात फरशी बसवणारेही होते. दुकानं भराभर वाढली. पण नव्या दुकानांत उमेदवार घेऊन शिकवणारं फारसं कुणी उरलं नाही, शिकाऊ मुलांची संख्या घसरली, कामाच्या तक्रारी आल्या. २०२० साली १२ धंद्यांना अट परत लावली, त्यात फरशीवाले आले. आणि त्याच जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यानं २०२४ मध्ये महाराष्ट्राशी करार केला, आम्हाला वीजतंत्री द्या, प्लंबर द्या, परिचारिका द्या, दहा हजार माणसं द्या म्हणून. ज्याला आपण ‘ए प्लंबर’ म्हणून हाक मारतो त्याला तिकडं न्यायला ते तयार झाले. आपले चांगले गवंडी जर्मनीला नाही तरी पुण्याला आणि हैदराबादला कधीच गेलेत. गावात हजेरीवरून घासाघीस करायची आणि मग दिवाळीला ते आले की दोन दिवसांत जिना करून घ्यायचा, असं चाललंय.

मग माणूस निवडायचा कसा? त्यानं नुकतंच बांधलेलं घर बघू नका. नवं घर कुणाचंही छान दिसतं. चार-पाच पावसाळे काढलेलं घर बघा, आणि घरमालकापेक्षा मालकिणीला विचारा, ओल कुठं येते ते तिला माहीत असतं. मिस्त्री येताना ओळंबा, गुण्या आणि पाण्याची लेव्हल नळी स्वतःची आणतो का, हे बघा. त्यानं तुम्हाला किती प्रश्न विचारले ते बघा. पाणी कुठून, माती कसली, पुढं वर मजला चढवायचा का, हे न विचारता जो दर सांगतो तो दरच जाणतो. पैसे हप्त्यानं द्या, पण हप्ता झाकण्याआधीच्या कामावर द्या. पाया भरायच्या आधी, स्लॅब ओतायच्या आधी, प्लॅस्टर चढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. पुढं वायर कुठून गेली ते शोधायला भिंत फोडावी लागणार नाही. विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच, आणि अर्थिंगचा खड्डा तुमच्यासमोर. तिथं पैसे वाचवून न्हाणीघरात हिटर लावू नका.

आणि स्लॅबवर घमेलं वाहणाऱ्या बायांबद्दल. वीस-वीस वर्षं त्या गवंड्याच्या हाताखाली माल देतात. माल घट्ट की पातळ हे त्यांना घमेलं उचलल्याबरोबर कळतं. त्यांच्यातली एकही थापी हातात घेऊन भिंतीसमोर उभी राहिलेली मला आपल्या भागात दिसली नाही. हजेरीत मात्र गवंडी हजार रुपयांच्या घरात आणि बाई त्याच्या निम्म्याखाली. किल्लारीच्या बायांनी भिंत तपासून दाखवली, मग रचणं त्याहून अवघड आहे का?

शेवटी एक लहान काम. १९९६ च्या कायद्यातून उभं राहिलेलं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. गवंडी असो, सेंट्रिंगवाला असो की बिगारी बाई, वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते, आणि मुलांच्या शिक्षणापासून अपघातापर्यंतच्या मदतीला माणूस पात्र ठरतो. तो दाखला ठेकेदार देऊ शकतो, ग्रामपंचायतीतूनही मिळू शकतो. घर बांधून झालं की मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतो ना, त्याच्याबरोबर त्याच्या कामाचे दिवस लिहून सही करून द्या, त्याला दाखला काढायला ते कामी येईल. बायांचे दिवस वेगळ्या कागदावर, त्यांच्या नावानं; मुकादमाच्या नावाखाली नको. ग्रामपंचायतीची मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत, दाखल्याचं काय लागतं ते मंडपातून जाण्याआधी त्यांना विचारून घ्या. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या. गवंडी आणि बिगारी बायांच्या चिठ्ठ्या आधी घेऊ. त्यांना सकाळी कामावर जायचं आहे.